घर पाडून मोठं बांधताय? टाइल्स नंतर बघा, आधी जे झाकलं जाणार आहे ते बघा

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला सोपं जातं त्यांच्यासाठी हा आजचा एपिसोड लिहून टाकतोय.

विषय घराचा आहे. आपल्या वयाच्या बऱ्याच जणांच्या घरी सध्या हीच चर्चा चालू असणार: गावाकडचं जुनं घर उतरवायचं आणि तिथंच मोठं बांधायचं. बाबांचा पीएफ, आईचं थोडं सोनं, आपलं होम लोन, सगळं त्यात जातं. आणि भांडणं कशावरून होतात? टाइल्सचा रंग आणि किचन ट्रॉली! मी सॉफ्टवेअरवाला, सिव्हिलवाला नाही. पण मराठवाड्यातलं आमचं माळवदाचं घर उतरवून दोन मजली बांधलं, तेव्हा एक गोष्ट पक्की समजली. आमच्या कोडमध्ये काही बिघडलं तर रात्री पॅच टाकता येतो. काँक्रीटला पॅच नसतो. म्हणून जे एकदा झाकलं की परत दिसणार नाही, तिथं लक्ष आधी द्यायचं.

जुन्या भिंतीवर मजला चढतो का?

"भिंत दीड-दोन फूट जाड आहे, टाका की वर स्लॅब," असं सांगणारे भेटतातच. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, त्यात हजारो माणसं गेली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं वजनदार माळवद, हे त्यामागचं मोठं कारण होतं. अशा भिंतीत बाहेरचा थर वेगळा, आतला वेगळा आणि मध्ये माती-कपऱ्या भरलेल्या. दोन्ही थरांना बांधणारे आरपार दगड नसले, तर हादरा बसला की थर सुटतात. म्हणजे जाडी होती, पण एकसंधपणा नव्हता. त्यामुळं वर चढवायचं की पाडायचं, हे कंत्राटदाराच्या अंदाजावर सोडू नका. स्ट्रक्चरल इंजिनिअरला जागेवर आणा. एकूण खर्चापुढं त्याची फी किरकोळ असते.

जुनं घर ठेवून शेजारी खोल्या वाढवायच्या असतील तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. जुना पाया बसून झालेला असतो, नवीन अजून बसायचा असतो. दोन्ही घट्ट जोडले तर सांध्यावर भेग ठरलेली, म्हणून मध्ये फट सोडून जॉइंट देतात. दुसरं, जुन्या पायाला लागून त्याच्याहून खोल खड्डा घेतला, तर जुन्या भिंतीखालची माती सरकू शकते. तिथं इंजिनिअरला विचारल्याशिवाय जेसीबी लावू नका.

पाया

आपल्याकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर ठेवलेला पाया तिच्यासोबत वर-खाली होतो. म्हणून काळी माती ओलांडून पक्क्या मुरमापर्यंत जायचं. काळी संपली की नाही, हे खड्ड्यात उतरून डोळ्यांनी बघा.

पुढंमागं तिसरा मजला काढायचा विचार असेल तर तो आत्ताच सांगा. फुटिंग आणि कॉलम त्याच हिशोबानं काढावे लागतात. नुसत्या सळ्या गच्चीवर उघड्या सोडून मजला वाढत नाही, सळ्या मात्र गंजतात.

सळई आणि रिंग

सळई आणि काँक्रीटची बाहेरची कड यांच्यात जे अंतर ठेवतात, त्याला कव्हर म्हणतात. साधारणपणे फुटिंगला ५० मिलिमीटर, कॉलमला ४०, स्लॅबला किमान २०. कव्हर कमी पडलं की ओल सळईपर्यंत पोचते, सळई गंजून फुगते आणि काँक्रीट फोडते. जुन्या इमारतींचे स्लॅबचे पापुद्रे असेच पडतात. म्हणून सळईखाली कव्हर ब्लॉक हवेत, दगडाचे तुकडे नकोत.

कॉलमच्या रिंगची टोकंही बघा. ती काटकोनात थांबता कामा नयेत, १३५ अंशांत आत वळलेली हवीत. भूकंपात बाहेरचं काँक्रीट सुटलं की काटकोनातली रिंग उघडते आणि उभ्या सळ्या बाहेर फुगतात.

काँक्रीट आणि पाणी

माल सहज पसरावा म्हणून मिक्सरमध्ये जास्तीचं पाणी ओततात. ते पाणी नंतर उडून जातं आणि आत बारीक पोकळ्या उरतात. एम २० साठी साधं प्रमाण १ : १.५ : ३, म्हणजे सिमेंट, वाळू, खडी. ५० किलोच्या एका गोणीला जास्तीत जास्त ३० लिटर पाणी, आणि वाळू ओली असेल तर ती ओलही यातच धरायची.

स्लॅब पडल्यावर मात्र उलटं, पाणी कमी पडू द्यायचं नाही. पीपीसी सिमेंट असेल तर किमान १० दिवस. स्लॅबवर आळी करून पाणी भरून ठेवा, कॉलमला गोणपाट गुंडाळा. सेंटरिंग दुसऱ्या साइटवर न्यायची घाई असते, पण स्लॅबचे टेकू अंतरानुसार ७ ते १४ दिवस आणि बीमखालचे १४ ते २१ दिवस राहिलेच पाहिजेत. पीपीसीला त्याहून थोडे जास्तच.

फिनिशिंग

इथं दोनच गोष्टी सांगतो. कॉलम आणि विटांच्या सांध्यावर गिलाव्याआधी जाळी मारून घ्या, नाहीतर तिथं हमखास भेग दिसते. आणि बाथरूमचं वॉटरप्रूफिंग झालं की टाइल्स बसवण्याआधी किमान २४ तास पाणी भरून ठेवा आणि खालच्या छताला हात लावून बघा. बाकी रंग, नळ, लाइट आवडीप्रमाणे. ते दहा वर्षांनीही बदलता येतात.

मोबाइलचा खरा उपयोग

साइटवर रोज जाणं जमत नसेल तर एक नियम करा. फोटो आल्याशिवाय काहीही झाकायचं नाही. फुटिंग भरण्याआधी, स्लॅब टाकण्याआधी, गिलाव्याआधी, टाइल्सआधी, प्रत्येक वेळी टेप लावून फोटो. ते इंजिनिअरला पाठवायचे, त्याचा होकार आला की पुढचं काम आणि पुढचा हप्ता. ही अट कंत्राटाच्या कागदावरच लिहून घ्या, म्हणजे नंतर तोंड वाजवावं लागत नाही. फोटो जपूनही ठेवा. पुढं कधी भिंतीत ड्रिल मारायचं झालं, तर पाइप कुठून गेलाय ते त्यातच सापडेल.

तुमच्या घराचं काम चालू असेल तर हा भाग आई-बाबांनाही ऐकवा. साइटवर दिवसभर तेच उभे असतात. चला, भेटू पुढच्या भागात!