नावानंच हाक मारा

हिंजवडीच्या आयटी पार्कमध्ये ईशान्य भारतातले तरुणही काम करतात. जात किंवा वंशावरून कुणालाही हिणवू नये, म्हणून हे लक्षात असू द्या :

● २००७ : ‘आजा नचले’ या हिंदी चित्रपटाच्या शीर्षकगीतातला जातिवाचक उल्लेख निर्मात्यांनी माफी मागून वगळला.

● २०१२ : ईशान्येतल्या लोकांना ‘चिंकी’ म्हणून हिणवणं अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो, असं केंद्रीय गृह मंत्रालयानं राज्यांना कळवलं. हे संरक्षण अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आहे.

● २०१४ : अरुणाचलच्या नीडो तानिया या विद्यार्थ्याचा दिल्लीत मारहाणीनंतर मृत्यू, त्यानंतर ईशान्येतल्या लोकांच्या प्रश्नांवर बेजबरुआ समिती नेमली गेली.

● २०२० : वस्त्यांची जातिवाचक नावं बदलण्याचा महाराष्ट्र मंत्रिमंडळाचा निर्णय.

एखादा समाज स्वतःच्या गाण्यात वापरतो तो जातिवाचक शब्द इतरांनी उचलू नये. सहकाऱ्याच्या नावाचा उच्चार जमत नसेल, तर त्यालाच विचारा.