जोडून सुट्ट्या आणि गोकर्ण

२ ऑक्टोबर २०२६ शुक्रवारी येतोय! म्हणजे अर्धं बंगळुरू गोकर्णला निघणार. आदल्या संध्याकाळी तुमकूर रोडवर नेलमंगलापर्यंत गाड्यांची रांग, पुढे अरबैल घाटात ट्रक. त्यापेक्षा कारवारला जाणारी पंचगंगा एक्सप्रेस कितीतरी बरी, गोकर्ण रोडला उतरवते. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, त्याच सकाळी तिकीट काढा.

ओम बीचवर उभं राहायला जागा नसते. कुडले, ओम, हाफ मून, पॅराडाइज हे किनारे टेकडीवरच्या पायवाटेने जोडलेले आहेत. जितकं पुढे चालाल तितकी गर्दी विरळ. महाबळेश्वराचं दर्शन पहाटेच घ्या. दुपारी कुमट्याजवळचा मिरजान किल्ला बघाच, फार देखणा आहे. खडकांवर सेल्फीसाठी मात्र चढू नका, लाटा ओढून नेतात.