विश्लेषण : ग्रंथपालाला प्रेमकथा आवडल्या तर काय होतं?

प्रेमकथेचं पुस्तक अनेक जण आजही वर्तमानपत्राचं कव्हर घालून वाचतात. ‘टाइमपास’ म्हणून हिणवलेल्या याच प्रकारातून अमेरिकेतल्या एका ग्रंथालय कर्मचारी महिलेनं विस्मरणात गेलेला इतिहास लाखो वाचकांपर्यंत नेला. त्यांचं नाव बेव्हर्ली जेन्किन्स. हे कसं घडलं, समजून घेऊया.

कोण आहेत बेव्हर्ली जेन्किन्स?

जेन्किन्स यांचा जन्म १९५१ मध्ये डेट्रॉइटमध्ये झाला. पूर्णवेळ लेखिका होण्याआधी त्यांनी मिशिगन स्टेट विद्यापीठाच्या आणि नंतर एका औषध कंपनीच्या ग्रंथालयात नोकरी केली. वाचनाचं वेड लहानपणापासूनचं. पण आवडत्या प्रेमकथांमध्ये त्यांच्यासारखी दिसणारी नायिका जवळपास नव्हतीच.

अडचण नेमकी काय होती?

१९८० मध्ये डेल प्रकाशनाच्या संपादक व्हिव्हियन स्टीफन्स यांनी ‘एन्टवाइन्ड डेस्टिनीज’ ही कादंबरी छापली. कृष्णवर्णीय लेखिकेनं कृष्णवर्णीय पात्रांवर लिहिलेली ही अशा मालिकांमधली पहिली ज्ञात प्रेमकथा. ऐतिहासिक प्रेमकथांची वाट मात्र त्यानंतरही अवघडच होती. १९व्या शतकातले कृष्णवर्णीय म्हणजे गुलामगिरी, एवढंच समीकरण रूढ होतं. जेन्किन्स यांनाही प्रकाशकांकडून नकारामागून नकार मिळाले.

‘नाइट साँग’मध्ये वेगळं काय?

१९९४ मध्ये एव्हन प्रकाशनानं त्यांची ‘नाइट साँग’ छापली. कॅन्ससमधल्या कृष्णवर्णीयांच्या वस्तीतली शिक्षिका आणि घोडदळातला सैनिक यांची ही गोष्ट. गुलामगिरी संपल्यावर दक्षिणेतून अनेक कुटुंबं खरोखरच कॅन्ससला जाऊन वसली होती. जेन्किन्स आपल्या ऐतिहासिक कादंबऱ्यांच्या शेवटी संदर्भग्रंथांची यादीही देतात. गोष्ट आवडली, आता खरा इतिहास वाचा, असं सुचवणारी ही ग्रंथालयातली सवय!

मग चित्र बदललं का?

बदललं, पण संथपणे. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या प्रेमकथा लेखकांच्या संघटनेनं जेन्किन्स यांना जीवनगौरव दिला. याच संघटनेचा ‘रिटा’ पुरस्कार कृष्णवर्णीय लेखिकांना मिळायला मात्र २०१९ साल उजाडलं. त्या वर्षी केनेडी रायन आणि एम. मलोन विजेत्या ठरल्या.

यात ग्रंथपालाचा काय संबंध?

‘अशा पुस्तकांना मागणी नाही’ हे नेहमीचं कारण. पण पुस्तक कपाटात नसेल तर वाचक ते नेणार कसा? नेलं नाही की नोंद होत नाही, आणि नोंद नाही म्हणून पुढची खरेदी होत नाही. हे चक्र तोडू शकतो तो ग्रंथपाल. तो पुस्तक मागवतो, दर्शनी भागात ठेवतो आणि वाचकाला नाव सुचवतो.

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये पाच सूत्रं मांडली. प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक, ही त्यातली दोन. वाचकाची आवड ‘हलकी’ की ‘भारी’, अशी अट त्यांत नाही.

तुम्ही काय करू शकता?

हवं ते पुस्तक ग्रंथालयात नसेल तर मागणी नोंदवा. आवडतं पुस्तक विकत घेतलं असलं तरी मित्राला ग्रंथालयाचं नाव सांगा. तिथली प्रत्येक देवघेव पुढच्या खरेदीचा विचार करताना उपयोगी पडते. आणि हो, कव्हर काढून वाचलं तरी चालेल!