खांबावर चढणाऱ्या लेकी

चौदा एप्रिलच्या कार्यक्रमात मुलगी भीमगीतावर नाचली की आई पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवते आणि बाप मोबाइलवर फोटो काढतो. पेण काय नि रोहा काय, कुठल्याही बौद्धवाडीत हे चित्र दिसते. पण त्याच मोबाइलवर त्याच मुलीने एक दिवस पोलादी खांबाला पायाची मिठी मारून उलटी लटकणारी, गरगर फिरणारी बाई पाहिली आणि ती म्हणाली, "आई, मला हे शिकायचंय," तर? घरात आधी शांतता पसरते. मग कोणीतरी पनवेलच्या रस्त्यावरच्या डान्स बारचे नाव काढते आणि विषय तिथेच संपतो.

आमच्या मते तो तिथे संपू नये. खांबावर चढणारी बाई ही काही परवा परवा विमानातून उतरलेली नाही. ती आपल्या बाजारात आपण लहानपणापासून पाहिली आहे. डोंबाऱ्याचा ढोल वाजायचा, सात-आठ वर्षांची पोर बांबूवर सरसर चढायची, टोकावर पोट टेकवून चक्रासारखी फिरायची आणि खाली उतरून थाळी घेऊन आपल्यासमोर उभी राहायची. आपण चार आणे टाकून पुढे जायचो. तिचे नाव विचारले आहे कोणी?

या कसरतीवर जगणारी दुसरी जमात कोल्हाट्यांची. कोल्हाट म्हणजे उड्या मारण्याचा लांब बांबू आणि त्यावरूनच जमातीचे नाव पडले, असे जुन्या नोंदी सांगतात. पुढे याच जमातीच्या मुली बांबू सोडून संगीतबारीत आणि तमाशात नाचू लागल्या. त्यांच्या नाचण्यावर घर चाले, भाऊ बसून खात, आणि नाचणाऱ्या मुलीला लग्नाची मात्र मनाई. डॉ. किशोर शांताबाई काळे यांचे 'कोल्हाट्याचं पोर' १९९४ साली आले तेव्हा आपल्यातल्या अनेकांनी ते एका बैठकीत वाचून काढले होते. बापाच्या नावाच्या जागी आईचे नाव लावणारा तो डॉक्टर २००७ साली अपघातात गेला. पण नाचणाऱ्या बाईची कमाई कोण खातो, हा त्याने विचारलेला प्रश्न अजून तसाच उभा आहे.

आता कायद्याकडे बघा. मुंबई भिक्षा प्रतिबंध कायदा १९५९ सालचा. त्यात भीक मागण्याची जी व्याख्या आहे, तिच्यात गाणे, नाचणे, भविष्य सांगणे, खेळ करून दाखवणे अशा निमित्ताने सार्वजनिक जागी पैसे घेणेही बसवले आहे. म्हणजे डोंबाऱ्याच्या पोरीची बांबूवरची कसरत कायद्याच्या लेखी कला नव्हे, ती भीक!

आणि तीच कसरत दुसऱ्या अंगणात झाली की तिला काय म्हणतात? मल्लखांब! पेशवाईत दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी तो नावारूपाला आणला, असे सगळी पुस्तके सांगतात. सागवानी किंवा शिसवी खांब, वर बोंड, त्याखाली मान, मग अंग. खांबाला एरंडेल चोळायचे आणि अढी मारून उलटे व्हायचे. खेळ उत्तम आहे, त्याबद्दल आमचे दुमत नाही. पण पेशव्यांच्या काळात ज्यांच्या कमरेला खराटा बांधला होता, त्यांची पोरे त्या आखाड्यात अढी मारत नव्हती हे सांगायला इतिहासकार लागत नाही. आणि बायका तर नाहीतच.

त्या खांबाजवळ मुली पोचल्या त्या दोरीच्या वाटेने. वरून टांगलेला सुती दोर, पायाच्या अंगठ्याच्या बेचक्यात त्याची पकड, आणि मग दोरावर एकामागून एक आसने. मुंबईच्या शिवाजी पार्कवरील श्री समर्थ व्यायाम मंदिरात उदय देशपांडे यांनी मुलींना, अंध मुलींना, अनाथ मुलांना हा खेळ शिकवला. २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्याच शिवाजी पार्कवर फेब्रुवारी २०१९ मध्ये पहिली जागतिक मल्लखांब स्पर्धा झाली. या खेळाला अर्जुन पुरस्कार पहिल्यांदा मिळाला तोही एका मुलीमुळे, २०२१ सालचा, हिमानी परब हिला. ज्या खेळात बाईला शतकभर जागा नव्हती त्याचा पहिला अर्जुन मुलीच्या हाती यावा, याचा आम्हाला मनापासून आनंद झाला.

पण आनंदात एक काटा आहे. बांबूवरची पोर भिकारी, मल्लखांबावरची पोर खेळाडू आणि पोलादी खांबावरची पोर वाया गेलेली. शरीराची पकड तीच, मांडीचे बळ तेच, पडण्याची भीतीही तीच. मग फरक कशाचा? खांब कोणाच्या अंगणात रोवला आहे, एवढाच!

इथे आपल्यातले जुने कार्यकर्ते आम्हाला अडवतील. म्हणतील, अहो, बाबासाहेबांनी नाचगाण्यापासून आपल्या बायकांना बाहेर काढले, आणि तुम्ही पुन्हा नाचायला सांगता? हा आक्षेप वरवरचा नाही, म्हणून त्याचा विचार करू. १६ जून १९३६ रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये वाघ्या, मुरळ्या, जोगतिणी, देवदासी यांच्यापुढे बाबासाहेब बोलले आणि कामाठीपुऱ्यातल्या बायकांना त्यांनी ते जिणे सोडून द्यायला स्पष्ट शब्दांत सांगितले. आणि आपल्याच जिल्ह्यातल्या महाडच्या सत्याग्रहाच्या वेळची पठ्ठे बापूरावांची गोष्ट तर चळवळीत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. बापूराव जातीने ब्राह्मण, त्यांच्या फडाची नायिका हिवरगावची पवळा महाराची. तिच्या नाचावर फडात पैसा आला. त्यातला वाटा बापूराव चळवळीला द्यायला निघाले आणि बाबासाहेबांनी तो घेतला नाही, अशी ती गोष्ट.

या गोष्टीत नकार कशाला आहे, हे नीट बघावे. पैंजणाला नकार नाही. जातीने ज्या बाईला नाचायला बसवले, तिच्या देहावर दुसऱ्याने कमावलेल्या पैशाला तो नकार आहे. येरवड्याच्या वस्तीत वाढलेल्या आणि आता अमेरिकेत इतिहास शिकवणाऱ्या प्रा. शैलजा पाईक यांनी २०२२ साली तमाशातल्या दलित स्त्रियांवर 'द व्हल्गॅरिटी ऑफ कास्ट' हा मोठा ग्रंथ लिहिला. २०२४ साली त्यांना मॅकआर्थर फेलोशिप मिळाली, हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या दलित स्त्री. अश्लील हा शिक्का नाचावर नंतर बसतो, तो आधी नाचणारीच्या जातीवर बसलेला असतो, असे त्यांच्या लिखाणातून आम्हाला कळले. आणि आपल्या समाजाने माणुसकी मिळवताना त्या बायकांना कित्येकदा मागे सोडले, हे अवघड सत्यही त्यांनी लपवलेले नाही.

डान्स बारच्या बाबतीत हेच घडले. २००५ साली महाराष्ट्रात बारमधला नाच बंद झाला, पण तीन आणि त्याहून जास्त तारे असलेल्या हॉटेलांना सूट! गरीब गिऱ्हाइकासमोर नाचली तर समाज बिघडतो, श्रीमंतासमोर नाचली तर बिघडत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये ही बंदी रद्द केली, सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तो निकाल कायम केला, आणि पुढे नव्या कायद्यातल्या जाचक अटी २०१९ मध्ये सैल केल्या. तोवर हजारो बायकांच्या चुली विझल्या होत्या. त्यांच्यासाठी मोर्चे काढणाऱ्यांत आपले लोक किती होते, हे ज्याचे त्याने आठवावे.

आता पोलादी खांबाकडे येऊ. हा नाच विदेशातल्या नाइट क्लबांत वाढला. १९९० च्या दशकात कॅनडातल्या फॉनिया मोंडे या नर्तकीने तो साध्या घरगुती बायकांना शिकवायला घेतला, शिकवणीच्या व्हिडिओ कॅसेट काढल्या. क्लबात पुरुषांच्या नजरेसाठी जे केले जात होते, ते बायका आता एकमेकींसमोर, आपल्या हौसेसाठी आणि ताकदीसाठी करू लागल्या. २०१२ साली लंडनला पोल स्पोर्ट्सची पहिली जागतिक स्पर्धा झाली. खांब पंचेचाळीस मिलिमीटर जाडीचा, पंच समोर बसलेले, गुण मोजलेले. मुंबईतही आरिफा भिंदरवाला यांच्यासारख्या नर्तिकांनी वर्ग चालवले.

पण मान मिळू लागताच तिथेही आपल्यासारखेच झाले. काही पोल नर्तिका समाजमाध्यमांवर सांगू लागल्या की आम्ही क्लबातल्या त्या बायकांपैकी नव्हे. त्यावर क्लबात पोटासाठी नाचणाऱ्या बायकांनी सुनावले की तुम्ही जे शिकलात ते आमच्याकडूनच शिकलात. वाचताना आम्हाला एकदम आपली संगीतबारी आठवली. शहरातल्या सभागृहात तिकीट लावून लावणी होते तेव्हा कोल्हाटणीचे नाव कितीदा घेतले जाते?

कपड्यांचे एक राहिले. आयांचा खरा अडसर तोच असतो. पोलादी खांबावर कापड घसरते, पकड बसते ती उघड्या कातडीची. म्हणून मांड्या, दंड उघडे ठेवावे लागतात. मल्लखांबावरचा पुरुष लंगोट लावतो तेव्हा त्याला कोणी निर्लज्ज म्हणत नाही. सुरुवातीला मुलीच्या मांडीवर, पोटरीवर काळेनिळे डाग पडतील, त्याने घाबरून जाऊ नये. तेवढ्यावरून शेजारणीने काही भलतेच तर्क केले तर तिलाही हे समजावून सांगावे.

आम्हाला या विद्येत सर्वांत आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. उलटे होणे एकटीने शिकता येत नाही. पहिल्यांदा पाय वर गेले की खाली कोणीतरी हात पसरून उभे असावे लागते, कमरेला आधार द्यावा लागतो. आज तू मला धरलेस, उद्या मी तुला धरीन. मल्लखांबावर मनोरे रचतात तेव्हाही तेच. वरच्याचा सगळा भार खालच्याच्या खांद्यावर. डोंबाऱ्याच्या पोरीला आणि पवळेला हे मिळाले नाही. त्यांच्या भोवती बघे होते, खाणारे होते, धरणारे नव्हते.

असे धरणारे हात मिळाले तर काय होते ते गडचिरोलीच्या सीमेपलीकडे अबूझमाडात दिसले. छत्तीसगडच्या पोलीस दलात नोकरी करणाऱ्या मनोज प्रसाद यांनी नारायणपूरला आदिवासी मुलांना जमवून मल्लखांब शिकवायला घेतला. बंदुकांच्या आवाजात वाढलेल्या त्या मुलांनी २०२३ साली 'इंडियाज गॉट टॅलेंट' ही टीव्हीवरची स्पर्धा जिंकली. खांबावर एकमेकांच्या अंगावर पाय देऊन उभी राहिलेली ती मुले आपल्यापैकी अनेकांनी जेवताना ताट बाजूला ठेवून पाहिली असतील.

तेव्हा पेण-रोह्याच्या आयाबहिणींना आमचे सांगणे थोडके आहे. धाटावच्या कारखान्यात पाळी करणारा बाप आणि गणपतीच्या कारखान्यात मूर्ती रंगवणारी आई, यांना मुंबईच्या पोल स्टुडिओची फी परवडणे कठीण, हे आम्ही जाणतो. रोह्याहून पेण-पनवेलमार्गे दिव्याला जाणारी गाडी आहे, पण रोजचे जाणे-येणे शाळकरी मुलीला झेपणारे नाही. म्हणून सुरुवात दोरीपासून करावी. आधी शाळेच्या व्यायामशिक्षकांना विचारावे. मल्लखांब २०२२ पासून खेलो इंडिया युवा स्पर्धांत आणि राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांतही आला आहे, ही गोष्ट त्यांच्या कानावर घालावी. पाच-सहा मुलींच्या आया एकत्र गेल्या तर शाळेला ऐकावे लागते. एकटीचे कोणी ऐकत नाही.

वर्ग मिळाला तर पहिल्या दिवशी आईने स्वतः जाऊन बसावे. खाली जाड गादी आहे का, दोर आणि वरचा हूक कोण आणि केव्हा तपासतो, शिकवणारी बाई आहे का, नसल्यास वर्गात दुसरी मोठी बाई हजर असते का, मुलीला हात लावण्याआधी तिला सांगितले जाते का, हे विचारायला लाजू नये. मुलींचे व्हिडिओ कोण काढतो आणि ते कुठे जातात, हेही विचारावे. घरात छताच्या पंख्याच्या हुकाला किंवा झाडाला दोर बांधून शिकायचा प्रयत्न अजिबात करू देऊ नये. कार्यक्रम करून पैसे मिळू लागले तर ते मुलीच्या नावावर पोस्टात किंवा बँकेत जावेत, भावाच्या मोटारसायकलीत नव्हे.

आणि पुढच्या वेळी बाजारात ढोल वाजला आणि बांबूवरून एखादी पोर खाली उतरली, तर थाळीत पैसे टाकताना तिला नाव विचारा. शाळेत जाते का तेही विचारा. जात नसेल तर जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापकांची गाठ घालून द्या. शिक्षण हक्क कायद्याखाली तिला मधूनच, वयाप्रमाणे वर्गात घ्यावे लागते, दाखल्यासाठी अडवता येत नाही.