भिंतीवरचं चित्र कुणाचं?

मंडळी, आपल्या मालेगावहून मुंबईला गेलेला माणूस गेटवे पाहतो, राणीची बाग पाहतो. कुलाब्याच्या टोकाला १९४५ साली स्थापन झालेली टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे, तिथं मात्र जात नाही. सहज जाताही येत नाही. आधी परवानगी लागते.

पण आतल्या भिंतींवर हुसेन, गायतोंडे, आरा यांची चित्रं आहेत. संस्थापक होमी भाभा स्वतः चित्रं काढत. संस्थेच्या खर्चातला १ टक्का कलेसाठी वापरायची परवानगी त्यांनी पंडित नेहरूंकडून मिळवली. हुसेन यांचं भलंमोठं ‘भारत भाग्य विधाता’ प्रवेशदालनातच आहे.

आता प्रश्न असा, की ही चित्रं संग्रहालयात का नकोत? बघा, संग्रहालयात आपण चित्राकडे जातो. इथं गणितात अडलेला माणूस चहाला उठतो, आणि चित्रच त्याच्या वाटेत येतं. पाहणं रोजच्या जगण्यात मिसळतं. हे मोलाचं आहे.

पण पैसा सरकारी, म्हणजे तुमचा-माझा होता. म्हणून ते दार आपल्यासाठी किती वेळा उघडावं, हे विचारायचा हक्कही आपलाच. आणि गावात नवी शाळा, नवी कचेरी बांधली जाईल, तेव्हा विचारा: यातला १ टक्का भिंतीसाठी ठेवलाय का?