‘असलंच दुसरं द्या’ : मराठी वाचकाच्या अभिप्रायाचा शोध

तालुक्याच्या गावातल्या आमच्या वाचनालयात जुने सभासद पुस्तक निवडताना लेखकाचे नाव नंतर पाहत. आधी ते पुस्तक मागून उघडत. तिथे चिकटवलेल्या तारखांच्या पट्टीवर शिक्के दाटीवाटीने पडलेले दिसले, की पुस्तक काखेत मारून थेट देवघेवीच्या टेबलाकडे. पट्टी कोरी असेल तर पुस्तक परत कपाटात. काही जण त्याहून एक पाऊल पुढे जात आणि शेवटच्या पानाच्या तळाशी कुणी पेन्सिलीने काही खरडले आहे का, ते पाहत. ‘छान’, ‘बरी आहे’, ‘शेवट पटला नाही’ असे दोन-तीन शब्द, खाली सही नाही की तारीख नाही.

गेली अठरा-एकोणीस वर्षे मी हे दोन-तीन शब्द वह्यांत उतरवून घेतो आहे. मी प्राध्यापक नाही. शिक्षण बारावीपर्यंत झाले आणि पुढचे सगळे वाचन नोकरी सांभाळून केले. कोणते पुस्तक कशानंतर वाचावे हे सांगणारा गुरू मला भेटला नाही. ते काम या अनोळखी सह्याविहीन माणसांनी केले. त्यांच्याविषयीच्या कुतूहलातून हा शोध सुरू झाला. त्यातून जे हाती आले ते थोडक्यात असे : वाचकाने वाचकाला दिलेला अभिप्राय ही आपल्या ग्रंथव्यवहारातली एक जुनी, स्वतंत्र व्यवस्था आहे. समीक्षेने ज्या साहित्यप्रकारांकडे पाठ फिरवली, तिथेही ती चालू राहिली. आणि आज तिच्या खुणा आपण स्वतःच्या हातांनी रद्दीत घालत आहोत.

वरून आलेला आणि शेजारून आलेला

एकोणिसाव्या शतकातली मराठी पुस्तके चाळली, तर ‘अभिप्राय’ हा शब्द आजच्यापेक्षा वेगळ्या अर्थाने भेटतो. पुस्तकाच्या आरंभी विद्वानांची, अधिकाऱ्यांची शिफारसपत्रे छापलेली असत. अनेक पुस्तकांत आगाऊ वर्गणी भरणाऱ्या आश्रयदात्यांची यादीही असे. म्हणजे पुस्तक चांगले आहे हे वाचकाला वरून सांगितले जाई. वाचून झाल्यावर त्याला काय वाटले, हे छापण्याची सोय नव्हती.

कादंबरीच्या बाबतीत ही दरी लवकर दिसली. नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ १८६८ची. पुढच्या चारच वर्षांत, १८७२मध्ये, काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी ‘नावल व नाटक’ यांविषयीचा निबंध लिहिला आणि अशा अद्भुतरम्य कादंबऱ्यांतील दोष दाखवले. मराठ्यांचा निबंध आज समीक्षेच्या इतिहासात आहे, आणि तो असायलाच हवा. पण ज्यांनी त्या कादंबऱ्या रात्र जागून वाचल्या आणि दुसऱ्याला दिल्या, त्यांचे म्हणणे कुठल्याच इतिहासात नाही.

वाचकाचा अभिप्राय पसरायला एक साधी अट लागते : तीच प्रत अनेक हातांतून फिरली पाहिजे. विकत घेतलेले पुस्तक घरात राहते, तर वाचनालयाचे गावभर जाते. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८चे, नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४०चे, पुण्याचे नगर वाचन मंदिर १८४८चे. पुढे खास मराठी ग्रंथ जमवण्याच्या हेतूने ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३मध्ये आणि मुंबईचे १८९८मध्ये स्थापन झाले. पुस्तक विकत न घेता घरी नेता आले, तसा दुसऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवण्यातला धोकाही कमी झाला. नाही आवडले तर परत करायचे, एवढेच.

नियतकालिकांनी यात आणखी भर घातली. हरि नारायण आपटे यांनी १८९०मध्ये ‘करमणूक’ सुरू केले आणि त्यातून कादंबरी क्रमशः येऊ लागली. गोष्ट संपायच्या आतच तिच्याविषयी बोलायला आठवडाभराचा अवधी मिळू लागला. १९०९मध्ये काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला. कथा, कविता, निबंध एकाच वेष्टनात आले. आपल्या हातातला हा अंकही त्याच परंपरेतला. घरातला प्रत्येक जण तो वेगळ्या पानापासून सुरू करतो आणि ‘आधी हे वाच’ म्हणून दुसऱ्याच्या पुढ्यात सरकवतो. निरनिराळ्या आवडींच्या माणसांना एकमेकांचे वाचन माहीत होण्याची इतकी सोपी युक्ती दुसरी सापडायची नाही.

परीक्षण वेगळे, अभिप्राय वेगळा

परीक्षक पुस्तकाची योग्यता ठरवतो. त्याचा वाचक त्याच्या समोर नसतो. अभिप्राय देणारा मात्र बहुधा ओळखीच्या माणसाशी बोलतो आणि ‘हे चांगले आहे’ याच्या जोडीला ‘हे तुला आवडेल’ असेही सांगतो. पुढच्या आठवड्यात तोच माणूस समोर येऊन ‘काय राव, कसलं पुस्तक दिलंत?’ असे विचारू शकतो. ही जबाबदारी परीक्षकावर नसते. म्हणून वाचनालयातला अनुभवी सभासद सर्वांना एकच पुस्तक सुचवत नाही. माणूस पाहून पुस्तक बदलतो.

माझ्या वह्यांतल्या नोंदी साहित्यप्रकारांनुसार वेगळ्या केल्या, तेव्हा वाचक प्रत्येक प्रकाराला वेगळा प्रश्न विचारतो असे दिसले. रहस्यकथेला तो एकच विचारतो : शेवट आधी कळला का? बाबुराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंझार आणि काळापहाड ही त्यांची पात्रे घरोघरी पोचली. वाङ्मयेतिहासात त्यांच्या वाट्याला जेवढ्या ओळी येतात, त्याहून लांब त्यांच्या पुस्तकांच्या तारखांच्या पट्ट्या असत. एक पट्टी भरली की तिच्यावर दुसरी चिकटवावी लागे. रहस्यकथेच्या पानावर लिहिणाऱ्यांत एक अलिखित सभ्यताही होती. खुनी कोण हे फोडणाऱ्या ओळीवर नंतरच्या कुणीतरी गडद रेघा मारून ती झाकलेली मी अनेकदा पाहिली आहे.

ऐतिहासिक आणि पौराणिक कादंबरीला वाचक विचारतो : हे खरे का? रणजित देसाईंची ‘स्वामी’ १९६२ची, शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ १९६७ची. अशा पुस्तकांच्या समासांत प्रश्नचिन्हे फार. कर्णाचे अमुक बोलणे महाभारतात आहे का, अशी शंका कुणी लिहितो आणि खाली वेगळ्या अक्षरात दुसरा कुणी त्याला उत्तर देतो. दोघांची भेट कधीच झालेली नसते.

पाककृतीच्या पुस्तकाला वाचक परीक्षेला बसवतो. कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ १९७०मध्ये आले. वाटी-चमच्याची मापे हे त्याचे वैशिष्ट्य. घराघरांतल्या जुन्या प्रती पाहाव्यात. तेलाचे डाग, हळदीची बोटे आणि मापाशेजारी केलेली दुरुस्ती : ‘तिखट अर्धेच’, ‘दिवाळीला दुप्पट’. सासूच्या अक्षराखाली सुनेचे अक्षर. समीक्षेला हा साहित्यप्रकारच वाटत नाही. पण इतक्या काटेकोरपणे तपासलेले दुसरे पुस्तक मराठी घरात क्वचितच असेल.

विज्ञानकथेची हकिकत निराळी आहे. जयंत नारळीकरांनी १९७४मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने पाठवली आणि तिला पहिले बक्षीस मिळाले. आपल्या नावाच्या वजनाशिवाय कथा वाचली जावी, अशी त्यांची इच्छा होती. वाचनालयातल्या अनोळखी अभिप्रायाचेही बळ हेच आहे. लिहिणाऱ्याला नाव नाही आणि त्याला कुणाची मर्जी राखायची नाही.

अभिप्रायाला छापील जागा

अशा विखुरलेल्या मतांना छापील जागा मिळवून देण्याचे प्रयत्न पुढे झाले. १९६४मध्ये केशवराव कोठावळे यांनी सुरू केलेल्या ‘ललित’ने ग्रंथव्यवहारालाच मासिकाचा विषय केले आणि ‘चोखंदळ वाचकांची निवड’ या सदरातून वाचकाच्या पसंतीला मान दिला. १९७४मध्ये सुरू झालेल्या ‘ग्रंथाली’ने तर स्वतःला ‘वाचक चळवळ’ म्हणवले. दया पवार यांचे ‘बलुतं’ १९७८मध्ये त्यांनीच प्रकाशित केले. ‘आवडले’ हा शब्द अशा पुस्तकापुढे तोकडा पडतो. माझ्या पाहण्यातल्या एका प्रतीत शेवटी नुसती आडवी रेघ होती. खाली काही लिहायला घेतले आणि लिहिले नाही, असे वाटावे अशी.

पुराव्याच्या मर्यादा

या साधनांवर किती भरवसा ठेवावा, हेही सांगितले पाहिजे. पहिली गोष्ट, वाचनालयाच्या पुस्तकावर लिहू नये हा नियम योग्यच आहे. माझा सगळा अभ्यास नियम मोडणाऱ्यांवर उभा आहे. दुसरी, ज्याला फार आवडले किंवा फार राग आला तोच लिहितो. मधला मोठा वाचकवर्ग फक्त तारखेचा शिक्का मागे ठेवतो. तिसरी, शिक्के दाट असले तर पुस्तक नेले गेले एवढेच सिद्ध होते. ते वाचले गेले असे नाही. मात्र शिक्क्यांत तीन-चारच दिवसांचे अंतर असेल, तर पुस्तक भराभर परत येत होते आणि लगेच दुसऱ्याकडे जात होते, एवढे खात्रीने म्हणता येते.

चौथी मर्यादा मला माझ्याच घराने शिकवली. आमच्या घरी वाचनालयाचे सभासदत्व वडिलांच्या नावावर होते. त्यांनी वर्तमानपत्रापलीकडे काही वाचल्याचे मला आठवत नाही. पुस्तके वाचायची ती आई, चौथी शिकलेली. ती स्वतः वाचनालयात कधी गेली नाही. पुस्तक बदलून आणायचे काम माझे. निघताना ती निरोप द्यायची, ‘काकांना सांग, असलंच दुसरं द्या.’ किंवा, ‘सांग, हे रडकं नको.’ टेबलामागचे ग्रंथपाल काका तेवढ्यावरून उठत आणि नेमके पुस्तक काढून आणत. त्यांनी आईला कधी पाहिले नव्हते, पण तिची आवड त्यांना पाठ होती. देवघेवीच्या नोंदवहीवरून कुणी संशोधन केले, तर माझे वडील हे गावातले मोठे कादंबरीवाचक ठरतील. अशी किती ‘पुरुष’ नावे असतील, याचा हिशेब आता लागायचा नाही.

काय जाते आहे

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७चा. आज राज्यातील शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालये अकरा-बारा हजारांच्या घरात आहेत. यातल्या अनेकांत देवघेव आता संगणकावर होते. सोय झाली, नोंद चोख झाली. पण पट्टीवरचे शिक्के थांबले आणि कपाटासमोर उभ्या असलेल्या माणसाला आधीच्या वाचकांचा माग दिसेनासा झाला. जुनी पुस्तके बांधणीला जातात, तेव्हा कडा कापल्या जातात आणि समासातले अर्धे शब्द कात्रणात जातात. शेवटचे पान बदलले की पट्टीही गेली. जी फारच जीर्ण, ती बाद होऊन वजनावर विकली जातात. जागा नाही, माणसे नाहीत, अनुदान अपुरे. ग्रंथपालांना दोष देण्यात अर्थ नाही. पण पुस्तक बाद करताना शेवटच्या पानाचा मोबाइलवर एक फोटो काढून ठेवणे एवढे करता येईल. नव्या पुस्तकांत पाठीमागे एक कोरा कागद चिकटवावा आणि त्यावर तीन ओळी लिहायची मुभा द्यावी : काय आवडले, कुठे थांबावेसे वाटले, आणि हे कुणाला द्यावे. तिसरी ओळ सर्वांत महत्त्वाची. नियम मोडायला लावण्यापेक्षा जागा दिलेली बरी.

हे सुचायला मला उशीर झाला. आमच्या वाचनालयाच्या जुन्या नोंदवह्या मी मागायला गेलो, तेव्हा त्या रद्दीत जाऊन दोन वर्षे झाली होती. बाद पुस्तकांचा एक ढीग मात्र जिन्याखाली अजून होता. त्यात ‘पण लक्षात कोण घेतो’ची एक प्रत मिळाली. आमच्याकडे शिक्क्याशेजारी सभासद क्रमांक लिहायची पद्धत होती. वडिलांचा क्रमांक मला पाठ आहे. त्या पट्टीवर तो तीनदा होता, तीन वेगवेगळ्या वर्षांत.

यमूची ती कहाणी आईने तीनदा मागवून वाचली. आणणारा मीच असणार, पण मला आठवत नाही. तिने त्या पुस्तकाविषयी घरात कधी एक शब्द काढला नव्हता. प्रत मी बारा रुपयांना घेतली. पावतीवर लिहिले होते, ‘रद्दी, एक नग’.