दत्तकपूर्व संगोपन (आंतरदेशीय दत्तक)

दत्तकपूर्व संगोपन म्हणजे दत्तक आदेशाआधी बालकाचा तात्पुरता ताबा भावी पालकांकडे देण्याची व्यवस्था. भारतातून मूल दत्तक घेणाऱ्या परदेशी कुटुंबांना केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या (कारा) ना हरकत प्रमाणपत्रानंतर ही मुभा मिळते; मात्र ती भारताच्या सीमेपुरतीच असते. प्रतीक्षा लांबली, तरी बालकाला घेऊन शेजारच्या देशात सहलीलासुद्धा जाता येत नाही. बाल न्याय अधिनियमातील २०२१ च्या दुरुस्तीने दत्तक आदेशाचा अधिकार न्यायालयाऐवजी जिल्हा दंडाधिकाऱ्यांना दिला. आदेश हाती आल्यावरही १९९३ च्या हेग करारातील कलम २३ नुसार अनुरूपता प्रमाणपत्र, बालकाचे भारतीय पारपत्र व पालकांच्या देशाचा व्हिसा लागतो. एखादा कागद रखडल्यास एका पालकाने बालकाजवळ थांबायचे आणि दुसऱ्याने थोरल्या मुलांना घेऊन मायदेशी परतायचे, एवढाच मार्ग काही कुटुंबांपुढे उरतो.